सोनबा मिस्त्रींनी माप कोणाचं घेतलं?

आधीच सांगून टाकतो — या सदरातले अनुभव मी वाचतो ते बहुतेकदा चुका काढायला. कुणाला पांढरी साडी दिसली की मी म्हणतो, दोरीवर वाळत असेल. कुणाला पैंजण ऐकू आले की म्हणतो, शेजारची बकरी सुटली असेल. त्यात छप्पन साली आम्ही घरादाराने दीक्षा घेतली. देव्हाऱ्यातले देव पोत्यात भरून नदीला दिले आणि भूत, भानामती, नवस, उतारे या सगळ्यांना त्याच दिवशी रामराम ठोकला. (हा 'रामराम' तेवढा तोंडातून जात नाही, काय करणार!) तर असा मी माणूस. आणि हे लिहायला बसलोय म्हणजे माझी स्वतःची फजिती स्वतःच्या हाताने लिहितोय, असंच समजा.

दीक्षा घेतल्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मी वर्धा जिल्ह्यात एका संस्थेकडे महारोगाच्या कामावर होतो. डॉक्टर नव्हे... पण गावोगाव जाऊन लोकांच्या अंगावरचे डाग बघायचे, गोळ्या द्यायच्या, जखमा धुवायच्या, हे सगळं मी करायचो आणि लोक डॉक्टरसाहेब म्हणायचे. मी कधी त्यांना दुरुस्त केलं नाही. अडचण एकच — गावात मुक्कामाला खोली मिळत नसे. एक तर महारोग्यांना हात लावणारा माणूस, त्यात आमची जात. नाही म्हणायला एक कारण पुरतं, मी दोन दोन घेऊन हिंडत होतो. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि बायको, गोदा, कधी माझ्या बहिणीकडे तर कधी तिच्या माहेरी अल्लीपूरला.

संस्थेच्या आवारात लढाईच्या काळातली एक अॅम्ब्युलन्स व्हॅन पडून होती. इंजिन धडधाकट. मागचा डबा रिकामा, भिंतींना स्ट्रेचर अडकवायचे लोखंडी कंस तेवढे शिल्लक. माझ्या डोक्यात आलं, यातच घर का करू नये? जिथे काम तिथे मुक्काम, कुणाच्या पाया पडायला नको. संस्थेने परवानगी दिली. गोदाला सांगितलं तर ती म्हणाली, "चाकाचं असलं तरी चालते, पण दार आपलं पायजे." लग्नानंतर तिने मागितलेली ती पहिली वस्तू.

लाकूडकामाला मी सोनबा मिस्त्रींना धरलं. पुलगावला रेल्वे लाइनीपलीकडे त्यांचं बंड्या बनवायचं काम. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. साठीचा माणूस, बोलणं कमी, हात मात्र सोन्याचा. पाणी घरून लोट्यात आणायचे. आमच्या हातचं पीत नसत. मला ते कळत होतं, मी कळलं नाही असं दाखवायचो. काम चोख, बाकी गेलं उडत, असा माझा हिशोब.

मिस्त्रींची एक रीत होती. घरचं काम असलं की टेप लावायचे नाहीत. घरच्या बाईला उभं करायचं, बसवायचं, तिचा हात कुठवर पोचतो ते सुतळीने बघायचं आणि सुतळीला गाठ मारायची. फळी कुठे, खुंटी कुठे, कडी कुठे... सगळं त्या गाठींवरून. गोदा एकदाच माझ्याबरोबर गाडी दाखवायला आली होती. तिला बघून ते म्हणाले, "बाईले उद्या पाठवजा साहेब, माप घ्या लागते."

"माप कसलं?" मी म्हटलं. "मी नकाशा काढला आहे ना, ग्राफ पेपरवर. इंच न् इंच दिला आहे."

गोदा म्हणाली, "अवो, एक घंट्याचं काम आहे, येतो ना मी."

मी म्हटलं, काही गरज नाही. नकाशाचा मला फार अभिमान होता, रंगीत पेन्सिलीने काढला होता. मिस्त्रींनी तो घडी करून पानाच्या चंचीखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी गोदाच्या आईला विषमज्वर झाल्याचा निरोप आला आणि ती अल्लीपूरला गेली. मी सेलू-हिंगणीच्या बाजूला दौऱ्यावर गेलो. महिनाभर तिकडेच होतो.

परत आलो तो थेट पुलगावला, गाडी बघायला. दुपारची अकराची वेळ असेल. बाहेरून गाडीला हिरवा रंग दिलेला, खिडक्यांना लाकडी झडपा, मागच्या दाराशी तीन पायऱ्या — पण पायऱ्या रुंद, आणि उंचीला जेमतेम वीतभर. म्हटलं ठीक आहे, म्हाताऱ्या पेशंटांना बरं पडेल. पायऱ्या चढून दार उघडायला हात नेला तर कडी हाताला लागेना. खाली बघितलं तर ती माझ्या गुडघ्याशी!

आत गेलो आणि बघतच राहिलो. काम इतकं सुबक होतं की काय सांगू... सागाच्या फळ्या, एक खिळा वर आलेला नाही, डब्यांना घसरू नयेत म्हणून कठडे, स्ट्रेचरच्या कंसांवर बसवलेला पलंग. पण सगळं खाली! कंदिलाची खुंटी माझ्या कमरेला. आरसा बेंबीसमोर. खिडकीचा खटका, भांड्यांची फळी, कपड्यांच्या खुंट्या, माझ्या पुस्तकांचा खण, सगळं जमिनीवर बसलेल्या माणसाच्या हाताशी. पलंग जमिनीपासून फूटभरसुद्धा वर नाही. आणि दोन्ही भिंतींना, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हाताने धरायला गोल घासलेला एक जाड दांडा. तोही तसाच खाली.

माझं डोकंच फिरलं. "मिस्त्री, हे काय केलं? माझा नकाशा कुठे आहे?"

ते रंधा मारत होते, थांबले. "बाईनं सांगतलं तसं केलं, साहेब."

"कोणत्या बाईनं?"

"तुमच्या."

"माझी बायको महिनाभर अल्लीपूरला आहे."

मिस्त्री माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच बरळतोय. "सात-आठ रोज येत होत्या न. मी दुपारी जेवून आलो का त्या आत बसून राहत. अथी खुंटी पायजे, अथी फळी पायजे, सगळं बसल्या बसल्या हातानं दाखवत. सुतळी हे पाहा." त्यांनी खुंटीवरची सुतळी काढून दाखवली. गाठीच गाठी. "तो दांडा तं मी नाईच म्हणत होतो. त्या म्हणे, भाऊ, तेवढा कराच. साहेब रागावतीन, पण तुमी काढू नोका."

मी विचारलं, आली कशी? कोणाबरोबर? कोणत्या गाडीने?

"ते मले काय ठाऊक? येताना नाई पाह्यल्या, जाताना नाई पाह्यल्या. उभ्या राह्यलेल्या तं मी एकडावही नाई पाह्यल्या."

उन्हात उभा असूनही माझ्या अंगावर सरसरून काटा आला, हे मी आज कबूल करतो. तेव्हा केलं नव्हतं. तेव्हा मी म्हटलं, दुसरीच कुणी बाई असेल, तुमची नजर कमी झाली आहे. त्यावर मिस्त्री शांतपणे म्हणाले की गोदाच्या डाव्या हातावर गोंदलेलं तुळशीचं झाड त्यांनी रोज बघितलं होतं. चेहरा सुकलेला होता म्हणे. "अन् केस बारीक कापले होते त्यायचे, पोरावाणी. मले वाटलं मायच्या दुखण्यापायी नवस बोलल्या असतीन."

"आम्ही नवस करत नाही," मी ताडकन म्हटलं. त्या क्षणी वाद घालायला तेवढीच एक गोष्ट मला सापडली.

दुसऱ्या दिवशी मी अल्लीपूर गाठलं. गोदा दारातच भेटली, कमरेपर्यंत वेणी, हातात आईच्या पेजेचं भांडं. आईचा ताप उतरला होता. गोदा महिनाभर त्या घराबाहेर विहिरीपलीकडे गेली नव्हती, हे तिचा थोरला भाऊ नामदेव, शेजारपाजार, सगळ्यांनी सांगितलं. गोदाला तर हसूच आवरेना. "एवढं उडून जाता आलं असतं तं मी तुमच्या डब्यात कायले राह्यली असती?" म्हणाली. मीही हसलो. केसांचं तेवढं मी तिला सांगितलं नाही. विज्ञानवादी माणूस मी, पण तो शब्द माझ्या तोंडातून निघेना.

मिस्त्रींनी काम बदलून द्यायला साफ नकार दिला. "बाईले कबूल केलं आहे," एवढंच. शेवटी मीच वरच्या बाजूला चार खिळे ठोकले, वाकडेतिकडे, आणि आम्ही गाडीत राहायला लागलो. गोदाने पहिल्याच दिवशी आतली फळ्यांची जमीन शेणामातीने सारवली. गाडी दोन मैल चालली आणि सारवणाच्या पापड्या उडून डाळीच्या डब्यात! मी इतका हसलो, ती रुसली, मग तीही हसली. फार सुखाचे दिवस होते ते. येता-जाता तो दांडा माझ्या नडगीला लागायचा आणि मी मिस्त्रींना शिव्या द्यायचो. दोनदा करवत घेऊन बसलोही, पण गोदाने कापू दिला नाही. लाकूड चांगलं आहे, म्हणाली.

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. हिंगणीच्या अलीकडे, जंगलाच्या कडेने जाताना मागचं चाक पंक्चर झालं. मी जॅक लावला. जमीन पावसाने मऊ झालेली, म्हणून जॅकखाली एक चपटा दगड टाकला. चाक काढून बाजूला ठेवतोय तोवर गाडी सरकली आणि धाडकन खाली बसली. गोदा त्याच बाजूला काहीतरी उचलायला वाकली होती. याहून जास्त मला लिहिता येत नाही. जंगलातून लाकडाच्या बंड्या येत होत्या, त्या लोकांनी गाडी उचलून तिला काढली.

वर्ध्याच्या दवाखान्यात ती चार महिने होती. वाचते की नाही यातच पहिले पंधरा दिवस गेले. वाचली. पण कंबरेखाली काही उरलं नाही. मला एक दिवस चारच तास दवाखान्यातून बाहेर पडावं लागलं, संस्थेत रजेचा अर्ज द्यायला. परत आलो, थर्मासमध्ये चहा होता. वॉर्डाच्या दारातून आत बघितलं आणि दारातच थांबलो.

तापात केसांच्या गाठी झाल्या होत्या, जटाच, म्हणून नर्सने कापून टाकले होते. बारीक. पोरासारखे. सुकलेला चेहरा, उशीवर डावा हात, त्यावर तुळशीचं झाड... नर्स म्हणाली, "अहो, वाढतील केस, एवढं काय?" मी थर्मास घेऊन जिन्यात जाऊन बसलो आणि किती वेळ बसलो होतो ते आठवत नाही.

सुट्टी मिळायच्या दिवशी नामदेव आला. मोठा सज्जन माणूस, डोळे भरलेले. "जवाईबापू, इले आमी नेतो. तुमी दिवसभर गावात. गाडीत एकटी पांगळी बाई कशी राहीन? पाणी कोण देईन, दार कोण लावीन?" खरं सांगायचं तर मी हो म्हणायच्या तयारीत होतो. तिला घेऊन करणार काय होतो? बैलगाडी जोडून बाहेर उभीच होती. गोदा दोघांचं ऐकत होती. मग म्हणाली, "जातो मी. पण एकडाव मले गाडीत बसवा."

आम्ही दोघांनी तिला उचलून व्हॅनमध्ये जमिनीवर बसवलं. मग तिने तो दांडा धरला. धरला आणि सरकली. पुन्हा धरला, पुन्हा सरकली. खिडकीपाशी गेली, बसल्या बसल्या खटका काढून झडप उघडली. फळीवरून भांडं घेतलं. स्टोव्हला काडी लावली. कंदील काढून काच पुसली आणि परत टांगला. आरशात बघून कापलेल्या केसांवरून हात फिरवला. कुठेही तिला हात ताणावा लागला नाही, की कुणाला हाक मारावी लागली नाही. शेवटी दारापाशी आली आणि आतून कडी लावून घेतली. आम्ही दोघे मेहुणे बाहेर, बंद दाराकडे बघत.

आतून आवाज आला, "भाऊ, बैल सोडून चहा घे. मी नाई येत."

नामदेव मटकन पायरीवर बसला. मी ठोकलेले वरचे चार खिळे मी त्याच दिवशी उपटून टाकले.

महिनाभराने सोनबा मिस्त्री भेटायला आले. त्यांना अपघाताचं कळलं होतं, पण गोदाला त्यांनी पाहिलं नव्हतं. दारातून आत बघितलं आणि त्यांनी डोक्यावरची टोपीच काढून हातात घेतली. "ह्याच होत्या साहेब," ते म्हणाले. "असेच केस. अथीच बसून होत्या."

गोदालाही धक्काच बसला. आपण कधी गेलो नाही, स्वप्नातसुद्धा नाही, असं तिने त्यांना शपथेवर सांगितलं. उन्हातून आलेला माणूस, म्हणून गोदाने सवयीने पेला भरून पुढे केला आणि तिच्याच लक्षात आलं. ती हात मागे घेणार, तेवढ्यात मिस्त्रींनी पेला घेतला आणि घटाघटा प्यायले.

मी म्हटलं, "मिस्त्री... आमच्याकडचं पाणी?"

"पयलेच पेलो आहो साहेब," ते खाली मान घालून म्हणाले. "तवा एक दिवस माह्या लोट्यातलं सरलं होतं. लई ऊन. बाईनं देल्लं, मी पेलो. घरी कोणाले नाई सांगतलं."

गाडीत तेव्हा माठ नव्हता, भांडं नव्हतं, पेलाही नव्हता. नुसत्या फळ्या होत्या. त्यांनी काय प्यायलं आणि कोणाच्या हातचं, ते मी आजपर्यंत शोधतोय. मिस्त्री दारू पीत नव्हते. थट्टा करणाऱ्यातला माणूस नव्हे. बंड्या बनवणाऱ्याला सगळं खाली करायची सवय असेल, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगून बघितलं. आरसा कोणत्या बंडीला असतो? योगायोग म्हणावा तर केस, गोंदण, दांडा... किती योगायोग एका सुतळीला बांधायचे? दीक्षेच्या वेळी उच्चारलेला शब्द मी मोडलेला नाही. भुताखेतावर माझा आजही विश्वास नाही. आणि भूत म्हणू तरी कोणाचं? गोदा तर जिवंत होती, आईला पेज भरवत होती.

आम्ही त्या गाडीत अकरा वर्षं राहिलो. पुढे सेलूला घर बांधलं, त्यातही कड्या खालीच. गोदा दोन वर्षांपूर्वी गेली, म्हणून आता लिहितोय. ती असती तर तिने हे लिहू दिलं नसतं, कारण यातली एक गोष्ट तिला कुणाला कळू द्यायची नव्हती. माझ्यासाठी.

सेलूच्या घरात एकदा ती लसूण सोलत बसली होती. मी सहज म्हटलं, "गोदे, समज तूच गेलती मिस्त्रीकडं. मंग त्यालेच काऊन सांगतलं? एकडाव माह्याकडं आली असती, म्हणली असती का तो जॅक तसा लावू नोका. आज चालत राह्यली असती."

ती मान वर न करता म्हणाली, "सांगतलं होतं न."

"कवा?"

"तवाच. दगड हालून राह्यला, म्हणलं मी. दोन डाव म्हणलं. तुमी म्हणाले, तू भाकरी पाह्य."

वर मी लिहिलंय की गोदा काहीतरी उचलायला वाकली होती. डॉक्टरला, नामदेवला, संस्थेला, सगळ्यांना मी तेच सांगत आलो आणि तिने एकदाही मला खोटं पाडलं नाही. ती काही उचलायला वाकली नव्हती. मी ऐकत नाही म्हणून दुसरा दगड आणून ती त्या हलणाऱ्या दगडाला ठेपा द्यायला वाकली होती. मी चाक हातात घेऊन ते बघत होतो.

"मिस्त्री आयकत होता, अवो," ती म्हणाली. आवाजात राग अजिबात नव्हता. तिने लसणाचं सुपडं माझ्याकडे सरकवलं आणि मी तिच्याजवळ खाली बसून सोलायला लागलो.